घरच्या दोन ओळी

भाऊबीजेला कोणाच्या भावाने काय घातले याची चौकशी आमच्या इमारतीत दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात होते. कोणाला पैठणी मिळालेली असते, कोणाला मिक्सर. कोणाच्या भावाने ताटात नुसतेच पाकीट ठेवलेले असते. त्या पाकिटात किती होते हे जाणून घेण्याची उत्सुकता सगळ्यांना, पण विचारण्याचा धीर कोणालाच नाही. माझी पाळी आली की मी सांगते, "भेंडी." बायका हसतात. त्यांना तो माझा विनोद वाटतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने असे काही तरी बोलायचे असतेच, अशी त्यांची समजूत आहे.

पण तो विनोद नाही. माझा धाकटा भाऊ ताटात साडीही ठेवतो आणि पैसेही ठेवतो. मात्र दारातून आत येताना त्याच्या हातात पहिल्यांदा जी असते ती भेंडीची पिशवी. ओल्या पंचात गुंडाळलेली, पहाटेची तोडलेली, बोटाएवढी कोवळी भेंडी. तिची भाजी झाल्याशिवाय आमची भाऊबीज पुरी होत नाही. या भेंडीवरूनच दोन वर्षांपूर्वी ऐन भाऊबीजेच्या दिवशी आम्हां बहीणभावांत एक बोलणे झाले. भांडण म्हणावे तर आवाज चढला नाही, आणि बोलणे म्हणावे तर दोघांनाही त्या रात्री झोप आली नाही. त्या बोलण्याला कारण झाली एक माशी. खरे म्हणजे ती माशीही नव्हे. पण ते पुढे सांगते.

आमचे माहेर चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला. माझ्या लहानपणी चाकण म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत : बाजारात रचलेले कांद्याचे ढीग आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या फौजेपुढे छप्पन्न दिवस लढवलेला संग्रामदुर्ग. आता चाकण म्हटले की लोकांना मोटारी आठवतात. कारखाने आले, रस्ते रुंद झाले, रात्रीचे आकाश तांबडे दिसू लागले. आमच्या अण्णांचे साडेसहा एकर होते; त्यांतले चार वसाहतीच्या कामी गेले. पैसे आले तसे घराच्या स्लॅबमध्ये, माझ्या लग्नात आणि अण्णांच्या आजारपणात गेलेही. राहिले अडीच एकर. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले (दहावी म्हणण्याच्या काळातही अण्णा शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत) आणि मी चिंचवडला एका बालवर्गात मुलांना अक्षरे गिरवायला शिकवू लागले. धाकट्याला कारखान्यात कंत्राटावर नोकरी मिळत होती. तो गेला नाही. "अडीच एकरांत माणूस जगतो का नाही ते तरी बघू," असे म्हणून तो शेतात उतरला.

पाचसहा वर्षांपूर्वी त्याने परदेशी जाणारी भेंडी लावली. माल घेणारा व्यापारी बांधावर येऊन सौदा करून गेला होता. मुंबईहून विमानाने भेंडी विलायतेला जाणार, ही गोष्ट आईला काही केल्या पटेना. "तिकडं भाजी पिकत नाय व्हय?" ती विचारी. त्या भेंडीचे सोहळेही तसेच होते. सात ते नऊ सेंटिमीटर लांब, सरळ, हिरवीगार, डाग नाही, खरचटलेली नाही. भावजय बोटावर खूण करून भेंडी तोडी. भेंडीची लव हाताला लागली की अंगाची आग होते. म्हणून ती आणि मजुरीच्या बायका बोटांना चिंध्या बांधून, नवऱ्यांचे जुने सदरे घालून दिवस उगवायच्या आत रानात शिरत. वाकडी भेंडी निघाली की ती बाजूला. आई ती वाकडी भेंडी ओच्यात घेऊन म्हणे, "शिजल्यावर कोण सरळ नि कोण वाकडं!" मला हे वाक्य इतके आवडले की मी ते एका कादंबरीत सासूच्या तोंडी घालून टाकले. आईला ते अजून ठाऊक नाही.

पहिली दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी श्रावणात मी दोन दिवस माहेरी गेले होते. सकाळी रानात गेले तर धाकटा एका झाडाशी गुडघ्यावर बसलेला. त्याने झाड हलके हलवले. आणि पिठाची चिमूट फुंकावी तसे काही तरी पांढरे पानांखालून उठले, क्षणभर हवेत भिरभिरले आणि पुन्हा पानांखाली जाऊन बसले.

"काय रे हे?"

"पांढरी माशी," तो म्हणाला. आवाज असा, की घरात साप निघाला आहे.

मी पान उलटून पाहिले. एखाद्या मिलिमीटरचा जीव. पिवळसर अंग आणि त्यावर मेणाची भुकटी भुरभुरलेले पांढरे पंख. नाव माशी असले तरी ही घरमाशीच्या कुळातली नव्हे. मावा आणि तुडतुडे ही तिची सख्खी भावंडे. ती पानाच्या खालच्या अंगाला अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू जरासे चालते, जागा पसंत करते आणि मग तेथेच सोंड रोवून जे बसते ते पंख फुटेपर्यंत हलत नाही. पोटापाण्यासाठी शहरात आलेला माणूस दहा बाय बाराची खोली मिळाली की तिला चिकटतो, तसेच. उन्हाच्या दिवसांत तीनेक आठवड्यांत अंड्याची माशी होते, आणि एक मादी शंभरावर अंडी घालते. पुढचा हिशेब करायला मॅट्रिकचे गणित पुरते.

ती रस पिते हे खरे. पण नुसत्या रसाने झाड मरत नाही. तिच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी चढते, पाने काजळतात, तेही चालवून घेता येते. खरी गोष्ट निराळी आहे. आजारी झाडाचा रस प्यालेली माशी रोगाचा विषाणू पोटात घेते, मग तो जन्मभर वागवते आणि ज्या ज्या निरोगी झाडावर बसेल त्याला देत जाते. भेंडीच्या पानांच्या शिरा मग पिवळ्या पडतात, जाळीसारख्या. पुढे सगळे पान पिवळे, आणि भेंडीही फिकट, खरबरीत. शेतकरी याला 'केवडा' म्हणतात. केवढे सुंदर नाव! माझ्या आजीच्या पेटीत केवड्याचे पान असे आणि पेटी उघडली की घरभर वास सुटे. एखाद्या दुखण्याला इतके गोड नाव देणारी माणसे किती सोशिक असली पाहिजेत, असे मला त्या दिवशी वाटले.

हा केवडा आजचा नाही. मुंबई इलाख्यात कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२४ साली त्याची नोंद केली. पुढे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० मध्ये तो विषाणूचा रोग असल्याचे दाखवले, आणि त्याला पसरवणारी ही पांढरी माशी कशी वागते याचा अभ्यास वर्मांनी १९५२ साली प्रसिद्ध केला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने जंगली भेंडीशी संकर करून केवड्याला दाद न देणारी जात काढली आणि १९८५ साली 'परभणी क्रांती' या नावाने ती शेतकऱ्यांच्या हाती दिली. अण्णांनी ती लावलेली मला आठवते. पण विषाणूही आपल्या जागी शहाणा असतो. काही वर्षांनी क्रांतीच्या पानांतही पिवळ्या शिरा दिसू लागल्या. म्हणजे माणूस आणि ही माशी यांची ओळख आज शंभर वर्षांची आहे, आणि अजून कोणी कोणाला हरवलेले नाही.

हे सगळे मला नंतर कळले. त्या श्रावणात मला एवढेच दिसत होते की माझा भाऊ घाबरला आहे. संग्रामदुर्ग छप्पन्न दिवस टिकला. आमची भेंडी पंचेचाळिसाव्या दिवशी तोडणीला आली होती आणि पन्नासाव्या दिवशी पहिली पिवळी शीर दिसली. घाबरलेला माणूस दुकानात जातो. दुकानदाराने एक बाटली दिली. चार दिवसांनी दुसरी दिली. मग दोन्ही एकत्र मारायला सांगितले. अण्णांच्या वेळेपासून आमच्याकडे पंपात आणखी एक पुडी पडे : पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्ट्रेप्टोसायक्लिन. ती जिवाणूंवरची, तिला ना माशी मरत, ना विषाणू. तरी ती पडे. कारखाना आपल्या जिल्ह्यातला, औषध माणसांच्या आजारांतले, मग झाडाला का बरे वाटू नये? कोणत्या दुखण्यावर कोणते औषध, हे विचारण्याआधी औषध दिल्याचे समाधान आपल्याला हवे असते. मी तरी वर्गातल्या मुलाला शिंक आली की आल्याचा काढा सुचवतेच की!

औषधाने माशा मरत. पण मरण्यापूर्वी त्या झाडाला रोग देऊन गेलेल्या असत. शिवाय त्यांच्याबरोबर त्यांना खाणारे किडेही मरत. आठवडाभराने बांधावरच्या तणातून नव्या माशा येत. आणि या वेळी त्यांना खायला कोणी शिल्लक नसे. मग पुन्हा पंप.

येथे भेंडीची एक अडचण सांगायला हवी. सगळे दुखणे तिच्यातच आहे. औषध मारल्यावर ठरावीक दिवस माल तोडायचा नसतो. बाटलीच्या कागदावर ते छापलेले असते, फार बारीक अक्षरांत. पण भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. आठवडाभर ठेवली तर ती निबर होते; सुरी लावली तर दोरखंड कापल्यासारखा आवाज येतो. म्हणजे कागद म्हणतो थांब, आणि भेंडी म्हणते तोड. धाकट्याने भेंडीचे ऐकले.

विलायतेच्या दारात दोन पहारेकरी असतात. एक किडा शोधतो आणि दुसरा औषध शोधतो. जिवंत किडा सापडला तर माल परत. १ मे २०१४ पासून युरोपने आपल्या हापूसला आणि त्याच्याबरोबर वांगी, अळू, कारली, पडवळ यांना दार बंद केले होते ते मालात किडी सापडल्या म्हणूनच. आंब्याचे दार २०१५ च्या सुरुवातीला उघडले. आणि किड्याच्या भीतीने औषध मारावे तर दुसरा पहारेकरी उभा. ज्या औषधाला तेथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, एवढाच अंश चालतो. मी हा हिशेब घरी पाटीवर मांडून पाहिला. शंभर टन भेंडीत एक ग्रॅम! माझ्या हातून शून्य सुटले असेल म्हणून पुन्हा मांडला. शून्य सुटले नव्हते.

आमच्या शेतातला नमुना प्रयोगशाळेत गेला होता. नवरात्र संपता संपता कागद आला : माल चालणार नाही. व्यापाऱ्याने दूरध्वनीवर दोन वाक्ये बोलून हंगाम संपवला.

यातले मला काहीच ठाऊक नव्हते. भाऊबीजेला धाकटा नेहमीसारखा आला. ओवाळून झाले, जेवण झाले. भाजीची वाटी त्याने दोनदा घेतली. पाट उचलताना मी सहज विचारले, "यंदा किती गेली लंडनला?"

त्याने सगळे सांगितले. मग मी विचारले, "आणि राहिलेली भेंडी?"

"राहिलेली कशानं? रोज तोडत होतो. काय चाकणला घातली, काय पिंपरीच्या मंडईत."

मी पिशवीकडे पाहिले. अर्धी भेंडी अजून तिच्यात होती. त्याने माझी नजर ओळखली आणि घाईघाईने म्हणाला, "ही नाय गं ताई! ही घरच्या ओळीतली. विहिरीपाशी दोन ओळी ठेवतो मी, खायच्या. त्यांना पंप लावत नाय. तुला काय मी तसली भेंडी आणून देईन?"

त्याने हे मोठ्या प्रेमाने सांगितले होते. इतक्या वर्षांची भाऊबीजेची भेंडी घरच्या दोन ओळींतली होती. माझा भाऊ मला जपत होता. एखाद्या बहिणीला याहून काय हवे? आणि तरी माझ्या हातातला पाट जड झाला.

मी म्हटले, "अरे, मंडईतून भेंडी नेणाऱ्या बाईलाही भाऊ असेल."

तो काही बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "ताई, मातीत घालू का सगळी? बियाणं उधारीचं, बायांची मजुरी रोजची. मंडईत कोण विचारतं? सगळेच घालतात." थोडे थांबून त्याने आणखी विचारले, "आणि तू मंडईत भाजी घेताना विचारतेस?"

मी विचारत नव्हते. मी भाव विचारत होते.

अन्नसुरक्षेचा कायदा आपल्याकडेही २००६ साली झाला आणि औषधांच्या मर्यादा आपल्याकडेही ठरलेल्या आहेत. पण विलायतेला जाणाऱ्या पेटीचा नमुना निघतो, मंडईतल्या प्रत्येक पाटीचा निघत नाही. एवढ्यावरून आमच्या बोलण्याला जे वळण लागायचे ते लागले. तो गेला तेव्हा ताटातली सुपारी तशीच राहिली होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. आमच्या बालवर्गात मधल्या सुट्टीत बाईंनी प्रत्येकाच्या डब्यातले चिमूटभर खायचे, असा मुलांचाच कायदा आहे. न खाल्ले तर रुसतात. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने डबा पुढे केला. "बाई, आज भेंडी!" तिची आई पिंपरीच्या मंडईतून भाजी आणते हे मला माहीत होते. ती भेंडी आमच्या रानातली असेलच असे नाही, बहुधा नसेलच. चार गावांची भेंडी तेथे येते. पण मी तो तुकडा तोंडात घातला तेव्हा डोळ्यांपुढे विहिरीपाशी असलेल्या दोन ओळी आल्या. मुलगी विचारत होती, "छान आहे ना?" मी छान म्हटले. शिक्षकाने मुलांशी खोटे बोलू नये म्हणतात. भाजी खरोखर छान होती. तरी मला खोटे बोलल्यासारखे वाटले.

त्या रात्री मी धाकट्याला दूरध्वनी केला. रागावायला नव्हे. म्हटले, "मोशीला किसान प्रदर्शन भरेल ना डिसेंबरात? मला घेऊन चल." तो चकित झाला. कादंबरीसाठी माहिती हवी असेल, असे त्याला वाटले असावे. मीही तसेच वाटू दिले.

मोशीच्या मैदानावर आम्ही दिवसभर हिंडलो. यंत्रे होती, बियाणी होती, बाटल्यांचे तर मनोरे होते. पण धाकटा एका साध्या गोष्टीपाशी थांबला : पिवळे कार्ड, दोन्ही बाजूंना चिकट. दिवाळीत दिव्याभोवती हिरवे तुडतुडे जमतात, ते उजेडाला भुलून. या माशीला पिवळ्या रंगाची भूल पडते. ती येऊन चिकटते. एका कार्डाने शेत मोकळे होत नाही. पण कार्डावर दोन माशा दिसल्या की दोनशे दिसल्या, यावरून घाबरायचे की नाही हे ठरवता येते. मला हे फार पटले. घाबरण्यापूर्वी मोजावे!

मग एका रविवारी आम्ही तळेगाव दाभाड्याला गेलो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तिकडे फुलांच्या हरितगृहात कामाला आहे. तिने मालकांची परवानगी काढली. तळेगावला औद्योगिक वसाहतीने फुलशेतीसाठी निराळी जागा राखली आहे. मावळातले गुलाब फेब्रुवारीच्या चौदा तारखेला जगभर जातात ते या भागातून. हरितगृहाला दारे दोन : पहिले लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. भिंतींना बारीक जाळी. आत जरबेऱ्याच्या रांगा, तांबड्या, शेंदरी, पांढऱ्या. आणि वर ओळीने टांगलेली पिवळी कार्डे. आकाशकंदील लावले आहेत असा मला भास झाला.

तेथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी एक जरबेऱ्याचे पान उलटून भिंग माझ्या हाती दिले. "गुलाबाला लाल कोळी नि फुलकिडे छळतात, जरबेऱ्याला ही. फूल कोणी खात नाही, पण पेटीत एक जिवंत माशी निघाली तरी बोंब होते," ते म्हणाले. "आणि बंद घरात ना वारा ना पाऊस. तिला खाणारा किडाही आत येत नाही. एकदा शिरली की माहेरी आल्यासारखी राहते." मी आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिले. भाऊबीजेनंतर आम्ही पहिल्यांदाच हसलो.

त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. १९२६ साली इंग्लंडात एका टोमॅटोच्या काचघरात पांढऱ्या माशीच्या पिल्लांतली काही काळी पडलेली दिसली. स्पेयर नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी ती जपून ठेवली, तेव्हा त्यांतून माशी निघाली नाही. निघाली एक टिपक्याएवढी गांधीलमाशी. ती आपली अंडी पांढऱ्या माशीच्या पिल्लात घालते आणि तिची संतती त्या पिल्लावर पोसते. तिला वाढवून काचघराकाचघरांतून सोडू लागले, परदेशीही धाडू लागले. मग महायुद्धानंतर डीडीटी आली, आणि लोक त्या टिपक्याला विसरले. पुढे जेव्हा माशी औषधांना भीक घालीनाशी झाली तेव्हा त्याच विलायतेला ती गांधीलमाशी पुन्हा आठवली. ज्यांच्या पहारेकऱ्यांचा आम्हांला इतका राग आला होता त्यांनीही आमचीच चूक आमच्या आधी करून पाहिली होती. धाकट्याला ही गोष्ट फार बरी वाटली. चुकीत सोबत असली की शहाणे व्हायला लाज वाटत नाही.

पुढच्या हंगामात त्याने अर्ध्याच रानात भेंडी लावली. कडेने मका दाट पेरला, बाहेरून येणारी माशी त्याला अडावी म्हणून. बांधावरचे तण काढले, कारण पीक नसते तेव्हा माशी तेथेच मुक्काम करते. पिवळी कार्डे टांगली. आणि सगळ्यांत अवघड काम : पहिली पिवळी शीर दिसली की झाड उपटायचे. फुलावर आलेले झाड! भावजय रडकुंडीला येई. आई म्हणे, "एकाला रोग झाला तर घरातून काढता का?" पण केवड्याला औषध नाही; ठेवलेले झाड चार झाडांना नेते. पंपात निंबोळीचा अर्क पडे. आठवडाभर घरात कडवट वास असे. बाटली अगदीच लागली तेव्हा त्याने तिच्यावरची बारीक अक्षरे माझ्याकडून वाचून घेतली, तितके दिवस मोजले, आणि त्या दिवसांत निबर झालेली भेंडी म्हशीला न घालता खड्ड्यात टाकली.

सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. कादंबरीत लिहिले असते. त्या वर्षी केवड्याने तिसरा हिस्सा पीक नेले. नमुना उतरला, माल गेला. पण कर्ज फिटले नाही, फक्त वाढले नाही. गावातले लोक अजून म्हणतात, उपटायचे होते तर लावले कशाला? या वर्षी त्याने पुन्हा तेवढ्याच रानात लावली आहे. पाऊस लांबला, मध्येच कडक ऊन पडले, माशी आहे. कार्डे रोज मोजतो. संध्याकाळी दूरध्वनीवर मला आकडा सांगतो, जसा कोणी तापाचा सांगावा.

परवा सर्वपित्रीला मी गेले होते. अण्णांच्या पानाला भेंडीची भाजी हवीच. मी टोपली घेऊन सवयीने विहिरीकडे वळले, तर विहिरीपाशी कोथिंबीर होती. घरच्या दोन ओळी दिसेनात.

"भेंडी कुठून तोडू रे?" मी ओरडून विचारले.

तो रानाच्या पलीकडच्या टोकाला होता. कंबर सरळ करून त्याने हात केला, सगळ्या रानावरून, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"कुठूनबी तोड," तो म्हणाला.

मी टोपली भरली. बोटांना चिंधी बांधायला विसरले होते. संध्याकाळपर्यंत हातांची आग होत होती. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज चारपाच दिवसांवर आलेली असेल. धाकटा येईल, पंचात गुंडाळलेली पिशवी माझ्या हाती देईल. या वर्षी ती कोणत्या ओळीतली हे मी विचारणार नाही. मात्र मंडईत भाजी घेताना आता मी भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारते. भाजीवाल्या बायका हसतात. त्यांनाही तो माझा विनोदच वाटतो.